सडपातळ म्हणजे निरोगी नव्हे!

गेली काही वर्षे आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे घेतो. 14 एप्रिलच्या आसपास तर महिन्यात चार-चार. विहाराच्या ओट्यावर वजनकाटा ठेवला की रांग लागते. जाड माणूस आकडा ऐकून लाजतो, बारीक माणूस खूश होऊन निघून जातो. दोघांचीही समजूत अपुरी आहे, आणि आमच्या अनुभवात बारीक माणसाची समजूत जास्त घातक ठरते.

आधी हिशेब समजून घेऊ. नुसत्या किलोवरून काही कळत नाही, उंचीही लागते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 18.5 च्या खाली कमी वजन, 25 पासून जादा वजन आणि 30 पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडचे डॉक्टर मात्र भारतीयांसाठी 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानतात. 160 सें.मी. उंचीच्या, 60 किलोच्या माणसाचा बीएमआय 23.4 येतो. जगाच्या तक्त्यात तो सामान्य, आपल्या तक्त्यात तो जादा वजनाचा.

हा फरक कशासाठी? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांच्या अभ्यासातही हेच दिसले. तिथली बाळे जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळे स्नायूंनी कमी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. आईच्या पोटात उपासमार सोसलेले हे शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते.

इथेच हा प्रश्न डॉक्टरांचा न राहता आपला होतो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिल्या, त्यांच्या शरीरात तो इतिहास उतरलेला आहे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार समाजाने उचलावा, ही ती भूमिका. आईचे पोषण हा समतेचाच मुद्दा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 सांगते की देशातल्या 18.7 टक्के महिला कमी वजनाच्या आहेत आणि 24 टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ. आमच्या वस्तीत हे दोन्ही गट एकाच घरात भेटतात. सून अशक्त, अंगात रक्त नाही. सासूचे पोट सुटलेले, गुडघे दुखतात, बीपी वाढलेला. दोघींचे ताट मात्र एकच : रेशनचा तांदूळ, पातळ डाळ, वरून साखरेचा चहा. स्वस्त पोटभरू अन्न आहे, प्रथिने महाग. त्यात 2015 साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस सरकारने काढून घेतले. मग ‘जिभेवर ताबा ठेवा’ हा उपदेश कोणाला करायचा?

आमच्या गटातला एक कार्यकर्ता शिडशिडीत होता. मोर्चात सगळ्यांच्या पुढे. ‘मला कसली साखर?’ म्हणून त्याने कधी तपासलीच नाही. पायाची जखम चिघळली तेव्हा कळले. चाळिशीच्या आत त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचे वजन ‘सामान्य’ गटात होते.

म्हणून मित्रांनो, काट्यासोबत शिवणकामाची टेपही ठेवा. कमरेचा घेर पुरुषाचा 90 सें.मी. आणि स्त्रीचा 80 सें.मी.च्या वर गेला तर वजन कितीही असो, रक्तातली साखर आणि बीपी तपासा. बीएमआय 18.5 च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन पाहा आणि दोन आठवड्यांचा खोकला असल्यास थुंकी तपासा, कारण कमी वजनाच्या शरीराला क्षयरोग लवकर धरतो. तिशीनंतर साखर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. ती मागा. यंत्र बंद आहे, असे सांगितले तर लेखी अर्ज द्या.

तथागतांनी अतिभोजनाने सुस्तावलेल्या पसेनदी राजाला मात्रा ओळखून जेवायला सांगितले. पण त्याच तथागतांनी उपासाने झिजलेले शरीरही नाकारले होते. मध्यम मार्ग ताटालाही लागू आहे. राजाने ताट कमी करावे. आपल्या लोकांचे ताट आधी नीट भरले पाहिजे. पोषणाची मागणी आणि स्वतःची तपासणी ही दोन्ही कामे चळवळीचीच आहेत. पुढच्या जयंतीच्या खर्चात डीजेचा एक तास कमी करून साखर तपासायच्या पट्ट्या घ्या.

जयभीम!