हत्तीचा चौकोन

दिवाळी सरली की आपल्या बुलढाण्याची थंडी अंगाला झोंबू लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याच्या माणसाला स्वेटरची आठवण होण्याआधी इथे शेकोट्या पेटतात. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या वस्त्यांमधली काही कुटुंबे लेकराबाळांसह वीटभट्टीवर कामाला निघतात. भट्टीवरच्या झोपडीला भिंत म्हणजे रचलेल्या कच्च्या विटा आणि छप्पर म्हणजे ताडपत्री. त्या लेकरांसाठी आम्ही काही जणी पांघरुणे विणतो. रविवारी विहारात वंदना झाली की सतरंजीवर बसायचे आणि प्रत्येकीने आपापला चौकोन पुढे न्यायचा.

या चौकोनावर हत्ती असतो. दुसरा रंग लागत नाही, एकाच लोकरीत सुलट टाक्यांच्या जमिनीवर उलट टाक्यांचा हत्ती उठून दिसतो. नवशिक्या मुलीला सुलट आणि उलट हे दोनच टाके आले तरी पुरे. मोर, घोडा, हरीण हे प्राणी सुरुवातीला घेऊच नयेत. बारीक मान आणि काटकुळे पाय दोन टाक्यांत बसत नाहीत, मग घोडा केला तरी लोक त्याला बकरी म्हणतात. हत्तीचे पाय जाड, पोट मोठे, मान नाहीच. एखादा टाका इकडेतिकडे झाला तरी हत्ती हत्तीच राहतो.

भगिनींनो, करून पाहायचे असेल तर कृती सोपी आहे. आठ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर घ्यावी. ३३ टाके घालावेत. पहिल्या ६ ओळी सगळ्या सुलट. पुढे दोन्ही कडांचे चार-चार टाके शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत सुलटच ठेवायचे, नाहीतर कड आत वळते. मधल्या २५ टाक्यांत आधी ६ ओळी साध्या, म्हणजे समोरून सुलट आणि मागून उलट. मग हत्ती पायांपासून सुरू होतो. समोरून ३ सुलट, ४ उलट, ४ सुलट, ४ उलट, ५ सुलट, २ उलट, ३ सुलट. परतीच्या ओळीत काही मोजायचे नाही, मधले टाके समोर जसे दिसतील तसे विणायचे. अशा चार जोड्या झाल्या की दोन पाय आणि लोंबती सोंड तयार होते. पुढच्या दोन जोड्या पोटाच्या: ३ सुलट, १२ उलट, ५ सुलट, २ उलट, ३ सुलट. त्यानंतर पाठ आणि डोके यांच्या चार जोड्या: ३ सुलट, १९ उलट, ३ सुलट. यातल्या तिसऱ्या जोडीत डोळा ठेवावा: ३ सुलट, १५ उलट, १ सुलट, ३ उलट, ३ सुलट. शेवटची जोडी ४ सुलट, १७ उलट, ४ सुलट. वर ६ ओळी साध्या, ६ ओळी सगळ्या सुलट आणि टाके बंद. शेपूट मागाहून सुईने ओवावे. चौकोन साधारण साडेसहा इंचांचा होतो.

दुसरे चित्र बसवायचे असेल तर चौकटीच्या कागदावर काढून घ्यावे. पण एक हिशेब लक्षात ठेवावा. कागदावरची चौकट उभी-आडवी सारखी असते, टाका मात्र रुंद जास्त आणि उंच कमी. पाच टाक्यांच्या रुंदीइतकी उंची गाठायला साधारण सात ओळी लागतात. हे न पाहता चित्र उचलले तर हत्तीचा रानडुक्कर होतो.

मुलींना अशोकचक्र विणायची फार हौस. चोवीस आरे पंचवीस टाक्यांत बसत नाहीत हे एक. दुसरे असे की पांघरूण पायाखाली येते, लहान मूल त्यावर मुतते. म्हणून धम्मचक्र, बाबासाहेबांचा चेहरा असले काही पांघरुणावर काढायचे नाही, असा आमचा नियमच आहे. हत्तीला ओले झाल्याचे वाईट वाटत नाही.

तरी हत्ती आपल्याला परका नाही. महामायेच्या स्वप्नातला पांढरा हत्ती आपल्या घरातली पोरेही सांगतील. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अजिंठ्याला गेलात तर सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन बाजूंना दगडी हत्ती भेटतात, आणि सतराव्या लेण्यात छद्दंत जातकातला सहा दातांचा हत्ती भिंतीवर रंगवलेला आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली स्थापन केलेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतली निशाणीही हत्तीच होती. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर निशाणी चिकटवलेली असे. आमच्या वस्तीतल्या एका आजींना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्यांच्या हातात चौकोन दिला तर उलट टाक्यांच्या उंचवट्यावरून बोटे फिरवत म्हणाल्या, "हा तं आपला हत्ती हाय वं बाई! माही माय सांगे, हत्तीच्या पेटीत चिठ्ठी टाकाची म्हणून."

विहारातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या काकांना मात्र हे विणकाम पसंत नव्हते. "पोरींच्या हातात पुस्तक द्या, सुया कशाला देता?" असे त्यांनी सर्वांसमोर विचारले. प्रश्न वावगा नव्हता. मुलींना हळदीकुंकवाच्या बायकांसारखे कलाकुसरीत अडकवायचे का, ही त्यांची काळजी. पण सुई आणि धागा ही काय फक्त रिकाम्या वेळेची गोष्ट आहे? वऱ्हाड-नागपूर भागात आपल्या समाजातली कित्येक घरे जाडेभरडे कापड विणून पोट भरत. गिरणीचे स्वस्त कापड आले आणि माग बंद पडले. मग हीच माणसे गिरणीत गेली. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संघटनेच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सर्व खाती आमच्या माणसांना खुली करा ही मागणी घेणार नसाल, तर आमचे लोक संपात का यावेत, असा त्यांचा सवाल होता. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने.

मी काकांना हे सांगितले, आणि माझ्या आईचेही सांगितले. आई एका घरी धुणीभांडी करायची. त्या घरच्या बाई ओसरीवर बसून लोकर विणत. आईने शिकवा म्हटले तर त्या हसल्या. लोकरीला हात लावू देणे दूरच. आई भांडी घासता घासता त्यांची बोटे पाहत राहिली. घरी येऊन तिने सायकलच्या जुन्या चाकाच्या दोन तारा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि पोत्याच्या सुतळीवर टाके घालून पाहिले. माझे पहिले टाके त्याच तारांवरचे आहेत. पुढे मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, तेव्हा पहिल्या पगारात तिला खऱ्या सुया आणून दिल्या. तिने त्या ट्रंकेत ठेवल्या आणि शेवटपर्यंत तारांवरच विणले.

काकांनी यावर वाद घातला नाही. पण आता चौकोनाच्या आधी अर्धा तास वाचन झालेच पाहिजे, अशी अट त्यांनी घातली आणि ती आम्ही मान्य केली. सध्या मुली पाळीपाळीने मोठ्याने वाचतात, बाकीच्या ऐकत विणतात. अर्धा तास केव्हा तास होतो, कळत नाही.

एका पांघरुणाला ४८ चौकोन लागतात, आडवे सहा आणि उभे आठ. सुमारे सव्वातीन फूट रुंद आणि सव्वाचार फूट लांब होते, दोन लहान मुले दाटीवाटीने मावतात. जोडणीच्या दिवशी सगळ्या घरांतले चौकोन एकत्र येतात. कुणाचे टाके घट्ट, कुणाचे सैल, त्यामुळे काही हत्ती लठ्ठ आणि काही रोडके. सैल चौकोन मध्ये घ्यावेत, घट्ट कडेला. जोडायची सुई मोठ्या नेढ्याची असली तरी लोकरीचे टोक फिसकारते, मग जी ती टोक ओठांत धरून ओले करते, ओवते आणि सुई शेजारणीकडे देते.

हाच चौकोन स्वयंपाकघरात भांडी पुसायला किंवा गरम पातेले उतरवायला करायचा असेल तर लोकर वापरू नका. बाजारात स्वस्त मिळणारी लोकर बहुधा मेंढीची नसतेच, ॲक्रिलिकची असते. आच लागली की ती वितळून कातडीला चिकटते. त्यासाठी जाड सुती दोराच हवा. आपला तर कापसाचा मुलूख. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी इंग्रजांनी १८७० साली खास रेल्वेचा फाटा टाकला. सुती चौकोनाने पाणी चांगले टिपले जाते. पांघरूणही या कारणाने शेकोटीजवळ नेऊ नये, हे आम्ही देताना बजावून सांगतो.

कोणते पांघरूण कोणत्या घरी गेले याची नोंद मी वहीत ठेवते, ती माझी कारकुनी सवय. उन्हाळ्याच्या शेवटी कुटुंबे परत आली की पांघरुणे तपासायला येतात. विटांच्या धुळीने निळी लोकर तांबूस झालेली असते. थंड पाण्यात रिठ्याने धुतली की बरीचशी निघते. झिजतात ते बहुतेक कोपऱ्यांचे चौकोन, कारण पोरे तिथेच धरून ओढाताण करतात. तेवढे चार उसवून काढायचे आणि त्या जागी नवे बसवायचे. म्हणून प्रत्येक मुलीने पावसाळ्यात एक चौकोन जादा विणून ठेवावा, असे मी सांगत असते.