यंत्र चालू, खिडकी बंद

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगात संगणक सहसा बिघडून मरत नाही. मदरबोर्ड ठीक असतो, हार्डडिस्क कुरकुरत का होईना फिरत असते, टॅलीत हिशेब लिहिता येतो, श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवता येते. अडतं ते जीएसटीचं रिटर्न भरायला बसल्यावर. पान अर्धंच उघडतं, किंवा बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही. मालकाचा फोन येतो, "नेट लई स्लो झालंय, बघा की जरा." नेट उत्तम असतं. ब्राउझर मात्र काही वर्षांपूर्वीच थांबलेला असतो. दुरुस्तीच्या धंद्यात मुरल्यावर माझं मत पक्कं झालंय: घरच्या आणि दुकानातल्या संगणकाचं आयुष्य आता ब्राउझर ठरवतो.

ब्राउझर कधी थांबणार याच्या तारखा ठरलेल्या असतात, फक्त गावात त्या कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली. क्रोमने २०१६ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१८ मध्ये तिचा नाद सोडला. २००९ साली आलेल्या विंडोज ७ चे नेहमीचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले. तिच्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं आणि त्याने किमान विंडोज १० मागितली. फायरफॉक्सने ११५ ही आवृत्ती जुन्या यंत्रांसाठी वेगळी ठेवली आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाल्यांचे दिवस त्यावर निघाले.

कंपन्या हे निव्वळ नवा माल खपवायला करतात, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. ब्राउझर प्रत्येक साइटचा कोड कोंडून चालवतो, म्हणजे एखादी साइट लबाड निघाली तरी तिला तुमच्या फायलींपर्यंत पोचता येऊ नये. पण या कोंडवाड्याच्या भिंती ऑपरेटिंग सिस्टीमच्या असतात. तिथल्या भेगा बुजवणं मायक्रोसॉफ्टने थांबवलं की क्रोमवाल्या गूगलने किंवा फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आतून कितीही डागडुजी केली तरी ती अपुरी पडते. शिवाय प्रत्येक नवी आवृत्ती प्रत्येक जुन्या विंडोजवर तपासत बसणं खर्चाचं असतं.

तरीही प्रत्येक अडलेलं पान ब्राउझरच्या माथी मारू नये. तपासायचा क्रम असा. आधी घड्याळ. बोर्डावरचा सेल संपला की संगणक बंद-चालू करताच तारीख मागे जाते, साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या तारखेशी मेळ बसत नाही आणि 'कनेक्शन खाजगी नाही' अशी लाल सूचना येते. नाण्याएवढा तो सेल बदलला की काम होतं. मग प्रमाणपत्रं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. विंडोज ७ चे अपडेट कायमचे बंद करून ठेवलेल्या संगणकांवर काही साइट उघडेनात. फायरफॉक्समध्ये त्याच उघडत होत्या, कारण तो मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो. हे दोन्ही ठीक असेल तरच ब्राउझरची आवृत्ती पाहायची.

यंत्र धड असताना ब्राउझरपायी ते बाद व्हावं, हे सोलापुरातल्या यंत्रमागवाल्याला पटत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. जुन्या मागाचा झिजलेला भाग लेथवर करून मिळतो आणि माग पुढे चालतो. ब्राउझरचा भाग मात्र कुठल्याच लेथवर होत नाही; नवा ब्राउझर हवा तर नवी विंडोज, नवी विंडोज हवी तर नवा प्रोसेसर.

ब्राउझर पुढे गेला आणि साइट मागे राहिली, अशी उलटी तऱ्हाही आम्ही भोगली आहे. डिजिटल स्वाक्षरीसाठी कितीतरी साइट ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जावा ॲप्लेटवर विसंबून होत्या. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ती सोय काढून टाकली. मग सहीसाठी इंटरनेट एक्सप्लोरर आणि बाकीच्या कामाला क्रोम, असा एकाच टेबलावर दोघांचा संसार चालला. १५ जून २०२२ ला एक्सप्लोररही निवृत्त झाला. जनतेसाठी साइट करणाऱ्यांनी एखाद्याच ब्राउझरच्या खास सोयीवर काम बांधलं की त्याची किंमत शेवटी खेड्यात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला मोजावी लागते. साधा अर्ज साध्या पानावर भरता आला पाहिजे, आणि एखादी जुनी आवृत्ती बंद करायची तर तशी पाटी काही महिने आधी त्याच पानावर मराठीत लागली पाहिजे.

आता पाळी विंडोज १० ची आहे. तिची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. एज ब्राउझर तिच्यावर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील, तेव्हा पानं लगेच अडणार नाहीत, पण भिंतीतल्या भेगा आता नेहमीसारख्या बुजणार नाहीत. विंडोज ७ वाल्यांना मी सांगतो की टॅली चालवा, पत्रिका जुळवा, पण बँकेचा पासवर्ड त्यावर टाकू नका. नुसतं मेल आणि फॉर्म असेल तर एसएसडी घालून लिनक्स मिंट बसवतो. अंगठ्याचं यंत्र किंवा जुना प्रिंटर असेल तर आधी ड्रायव्हर मिळतो का पाहतो, कारण बहुधा तिथेच गाडी अडते. आणि शहरातल्या ऑफिसांतून निघालेला सेकंडहँड संगणक घेताना रॅमच्या आधी प्रोसेसरची पिढी विचारा. मोजके अपवाद सोडता विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्तात मिळतो तो म्हणूनच. भाव करताना हे विक्रेत्याला ऐकवा.