न दिसणाऱ्या उजेडाची खोली

आमच्या घरामागील खोली 12 फूट लांब व 10 फूट रुंद आहे. पूर्वी तिथे भाताच्या कणग्या असत. आता ती रिकामी आहे. येत्या सुट्टीत येणाऱ्या नातवंडांनी फर्मान काढले आहे की, तिच्या भिंतींवर मासे रंगवावेत आणि ते अंधारात पेटल्यासारखे दिसावेत. म्हणून आम्ही सध्या अतिनील किरण देणाऱ्या एलईडी पट्ट्यांचा हिशेब मांडत बसलो आहोत.

या किरणांचा शोध जर्मन संशोधक रिटर यांनी 1801 साली लावला. ते स्वतः दिसत नाहीत. मात्र काही द्रव्यांवर पडले की ती द्रव्येच दृश्य प्रकाश बाहेर टाकू लागतात. 1852 साली स्टोक्स यांनी क्विनाईनच्या द्रावणातील असा निळा उजेड अभ्यासला आणि या गुणधर्माला फ्लोरोसन्स हे नाव दिले. लहानपणी हिवतापावर कडू क्विनाईन गिळलेल्या आमच्या वृद्ध आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग माझे पोटही उजळले असेल!"

पण लगेच तिने विचारले, "पोरांच्या डोळ्यांचे काय?"

प्रश्न रास्त होता. अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारते. मुलांच्या डोळ्यांतील भिंग स्वच्छ असते, त्यामुळे हे किरण अधिक आत शिरतात. वृद्धांचे पिवळसर भिंग त्यांना बरेच अडविते, परंतु ते स्वतःच किंचित चमकून नजरेपुढे धुके आणते. म्हणजे पणजी आणि पणतू, दोघांचाही विचार हवा. 365 नॅनोमीटरची पट्टी जवळजवळ अदृश्य, त्यामुळे काळोख दाट राहतो आणि मासे अधिक उठून दिसतात. पण ती महाग, आणि तिच्याकडे रोखून पाहणाऱ्याला सावध करणारे काहीच नाही. 395 ची पट्टी जांभळी झाक दाखविते. थोडी शोभा गेली तरी चालेल, म्हणून आम्ही हीच ठरविली आहे. शिवाय ती 7 फूट उंचीवर लाकडी झालरीआड, भिंतीकडे तोंड करून बसेल. उघडा दिवा कुणाच्याच नजरेस पडता कामा नये.

दाराची भिंत आम्ही मोकळी सोडली. उरलेल्या तीन भिंती 34 फूट भरतात, आणि 5 मीटरची दोन वेटोळी त्यांना जेमतेम पुरतात. तूट कोपऱ्यांत लपेल. मीटरला 4.8 वॅट, म्हणजे एकूण 48 वॅट. 12 व्होल्टला 4 अँपिअर. अ‍ॅडॅप्टर मात्र 60 वॅटचा घेऊ, सतत पूर्ण भाराने तापलेला बरा नव्हे. वेटोळी एकापुढे एक जोडली तर दूरचे टोक मंदावते. म्हणून दोन्हींना अ‍ॅडॅप्टरपासून स्वतंत्र तारा.

भिंतींना काळपट निळा रंग, त्यावर फ्लोरोसंट रंगांचे मासे. पांढऱ्या कपड्यांत धुण्याच्या पावडरीतील उजळक द्रव्ये राहतात, तेव्हा मुलांचे सदरे माशांपेक्षाही जास्त झळकतील. आईचे लाल लुगडे मात्र काळे दिसेल.

हे कळल्यावर तिने आपली खुर्ची दाराच्या भिंतीशी मागितली आहे, आणि मुलांना एका वेळी अर्धाच तास. साधा दिवा लावण्याचे बटण तिच्या हाताशी हवे, अशीही अट आहे. सुतार सोमवारी माप घ्यायला येतो आहे; खुर्चीची जागा त्याला आधी दाखवावी लागेल.