म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं



कार्यानुभवाच्या तासाला माती आली की मुलं काय करतात? पणती, चूल, बैल, गणपती. छानच असतं ते, पण आठवड्याभरात कपाटावर जाऊन बसतं. यंदा सहावीच्या वर्गाला मी म्हटलं, घरात किंवा दारात जे जनावर आहे त्याला रोज लागेल असं भांडं करा. अट एकच. मातीला हात लावण्याआधी चार दिवस त्याला खाता-पिताना नीट बघायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यांची चित्रं एकसारखी. कुत्र्याच्या भांड्यावर हाडूक, मांजराच्या भांड्यावर मासा! चौथ्या दिवशी मात्र ती बदलली. मांजर खोल वाटीतलं पंजाने ओढून बाहेर काढतं, म्हणून कोणी पसरट थाळी काढली. (पालकांनो, मोठ्या मांजरांना पुष्कळदा दूध पचत नाही. थाळीत पाणी असू द्या.) एकाच्या लांब कानांच्या कुत्र्याचे कान पाण्यात भिजायचे. त्याने तळ रुंद आणि तोंड अरुंद केलं, म्हणजे कान बाहेरच राहतात.

एका मुलीच्या दारात म्हातारा गावठी कुत्रा आहे. तो पाण्यापाशी जायचा, वास घ्यायचा आणि तसाच परत यायचा. घरचे म्हणायचे, वय झालं, तहान कमी झाली असेल. हिने पातेलं दोन विटांवर ठेवून पाहिलं, तर गडी घटाघटा प्यायला. "बाई, त्याला तहान होती, वाकता येत नव्हतं," एवढंच ती म्हणाली. मी तिच्या वडिलांना निरोप दिला की डॉक्टरांना दाखवा. सांधे आखडलेत असं निघालं.

मग तिचं काम ठरलं. १८ सेंमी तोंडाचं भांडं आणि त्याखाली दोन विटांएवढी, १५ सेंमी उंच बैठक, खाली रुंद, वर अरुंद, म्हणजे धक्क्याने कलंडणार नाही. भांडं आणि बैठक वेगळी, धुवायला सोपं जावं म्हणून.

आता गणित. माती वाळताना आणि भाजताना आकसते. किती, ते मातीवर अवलंबून. आम्ही मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढली आणि ती आमच्या कुंभारकाकांच्या भट्टीत भाजून आणली. रेघ ९ सेंमी भरली, म्हणजे १० टक्के घट. मग १८ चं भांडं हवं तर कच्चं किती सेंमीचं करायचं? अख्खा वर्ग ओरडला, १९.८! मी म्हटलं, करून बघा. १९.८ चे १० टक्के गेले की उरतात १७.८२. दहा मिनिटं गोंधळ, मग मागच्या बाकावरून उत्तर आलं: १८ भागिले ०.९, म्हणजे २०. शेकडेवारीचा इतका जिवंत तास माझ्या वर्गात क्वचितच झालाय.

भांडी आठ दिवस सावलीत वाळवली. आत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. म्हणून जाडी सगळीकडे सारखी, साधारण बोटाएवढी ठेवायची. तरी तीन भांडी तडकली. त्या मुलांनी पुन्हा केली, कुरकुर न करता.

एका बाबतीत मी कडक राहिले. आतून रंग नाही. ऑइल पेंटचे डबे घेऊन आलेल्या पालकांना मी परत पाठवलं, जनावर ते भांडं चाटतं हो! चकाकी हवी म्हणून बाजारातली कुठलीही झिलईसुद्धा नको. कमी आचेवर भाजायच्या काही झिलयांमध्ये शिसं असतं. बाहेरून नक्षी काडीने कोरा, पुरे.

बिनझिलईचं भांडं पाझरतं. त्यामुळेच पाणी गार राहतं, पण खाली ओल येते. ओल्या खाण्यासाठी ते वापरू नका, तेलकटपणा मातीत मुरतो आणि वास धरतो. पाण्याचं भांडं रोज घासून धुवायचं, मधूनमधून उन्हात वाळवायचं.

त्या मुलीचं भांडं १८ ला दोन मिलिमीटर कमी भरलं. बैठकीला एक बारीक चीर आहे, पण ती टिकलीय. कुत्रा उभ्यानेच पाणी पितो. आता तिच्या आजीने तुळशीपाशी चिमण्यांसाठी एक पसरट भांडं मागितलंय.

तुमच्या वर्गात करणार असाल तर आधी जवळच्या कुंभाराला भेटा. दिवाळीआधी पणत्यांची गडबड असते, तेव्हा त्यांना त्रास देऊ नका. आणि भाजणावळ आठवणीने द्या.