वाटखर्च कोणाचा?

प्रवासवर्णनाची चिकित्सा करताना आपण शैली पाहतो, स्थलवर्णन पाहतो, लेखकाची आत्मपरता आणि विनोदही पाहतो. पण वाटखर्च कोणी केला, हे सहसा विचारीत नाही. व्यवहाराची ही बाब वाङ्मयबाह्य मानण्याची आपली रीत आहे. छत्रपती संभाजीनगरात (२०२३ पूर्वीच्या औरंगाबादेत) हा वाङ्मयप्रकार अनेक वर्षे शिकविल्यानंतर आम्हांला मात्र हा प्रश्न अगदी वाङ्मयीन वाटू लागला आहे. कदाचित गावाचा गुण असेल. इथला माणूस स्वतः कुठे गेला नाही तरी प्रवासी पाहत मोठा होतो.

शहरालगतच्या दौलताबादेत चौदाव्या शतकात इब्न बतूता येऊन गेला. जगातील थोर प्रवासवर्णनकारांत त्याची गणना होते. पण तो लेखक म्हणून फिरत नव्हता. १३२५ मध्ये तो तांजियरहून हजला निघाला, धर्मशास्त्राच्या ज्ञानावर ठिकठिकाणी आश्रय मिळवीत गेला, महंमद तुघलकाने त्याला दिल्लीत काझी नेमले आणि पुढे चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले. त्या वाटेवर दौलताबाद होते. तिथल्या वर्णनात गाणाऱ्यांचा बाजार येतो. पण विसरता येत नाही ती किल्ल्यातील कैद्यांची विवरे आणि त्यांतले मांजराहून मोठे उंदीर. ही हकीगत त्याने तिथे कैद भोगलेल्या एका अफगाण सरदाराच्या तोंडून ऐकलेली आहे. म्हणजे ती साक्ष आहे. न्यायासनावर बसलेल्या माणसाला किल्ल्यात गेल्यावर तटबंदीबरोबर तुरुंगही दिसावा आणि त्याने तिथल्या कैद्याचे म्हणणे नोंदवावे, यात आम्हांला विलक्षण संगती दिसते.

गंमत पुढेच आहे. त्याचे पुस्तक सिद्ध झाले ते मायदेशी परतल्यावर, मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेने. इब्न बतूताने सांगितले आणि इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाने ते लिहून काढले. काही शहरांची वर्णने इब्न जुबैर या पूर्वसूरीच्या ग्रंथातून उचललेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. या पुस्तकात व्यावसायिक लेखक कोणी असेलच, तर तो हा लेखनिक. आणि ती वाट तर तो चाललेलाच नाही!

सतराव्या शतकात तावर्निये आला. हा फ्रेंच जवाहिऱ्या. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना त्याने बीबी का मकबऱ्यासाठी चाललेल्या संगमरवराच्या गाड्या पाहिल्या. त्या सुमारे तीनशे होत्या, आणि सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते असे तो लिहितो. दुसरा कोणी तिथे शोकाकुल राजपुत्राची कथा रंगवीत बसला असता. व्यापाऱ्याने गाड्या आणि बैल मोजले, आणि आज त्या इमारतीचा भार आपल्याला जाणवतो तो त्या मोजणीमुळे.

मराठीत आलो तरी चित्र बदलत नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ मध्ये उत्तरेत गेले ते घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने. बंड मध्ये आडवे आले. वेढ्यातील झाशी त्यांनी पाहिली, मिळविलेले लुटले गेले आणि गंगेचे पाणी घेऊन ते घरी परतले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा भटजी हयात नव्हते. इतिहासकारांना त्यात बंड सापडते. आम्हांला पानोपानी भिक्षुकाची नजर सापडते: यजमान कोण, धर्मकृत्य कोणते, दक्षिणा किती, आणि घर सुटल्यावर माणूस काय खातो. झाशीच्या कत्तलीचे वर्णन आपल्याला हादरविते त्याचे एक कारण हेच, की ते सांगणाऱ्याचा युद्धाशी काडीचाही संबंध नाही.

पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये विलायतेला गेले ते दूरचित्रवाणीचे तंत्र अभ्यासण्यासाठी. ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आली. गो. नी. दांडेकर लेखणीवर जगले आणि उभा जन्म गडांवर हिंडले, हे खरे. पण त्यांचा संसार चालविण्यात कादंबऱ्यांचा वाटा मोठा होता. प्रवासवर्णनकार हीच ज्यांची ओळख झाली अशा मराठीतील लेखिका म्हणजे मीना प्रभू. ‘माझं लंडन’पासून ‘दक्षिणरंग’, ‘चिनी माती’, ‘गाथा इराणी’, ‘तुर्कनामा’ अशी देशामागून देशांची पुस्तके त्यांनी लिहिली. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांचाही पेशा भूलतज्ज्ञाचा. इतक्या निष्ठेने हा एकच प्रकार हाताळणाऱ्या लेखिकेलाही उपजीविकेचे साधन दुसरेच असावे, याकडे आमच्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. कोणाच्या जाहिरातीला बांधलेले नसल्याने त्यांना रेंगाळता आले, कंटाळता आले, नावडले ते नावडले म्हणता आले.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की दुसरा धंदा हा प्रवासलेखकाच्या मार्गातील अडथळा नव्हे. त्याची नजर तिथेच घडते. हे म्हणणे मांडताना आम्हांला संकोच होतो, कारण दरमहा पगार घेणाऱ्या प्राध्यापकाने असे सांगणे फार सोपे आहे. चार वर्षांपूर्वी एम.ए. झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने तो संकोच अधिकच वाढविला. तिला प्रवासलेखिका व्हायचे होते, आणि तसे काम तिला मिळालेही. एका पर्यटनविषयक संकेतस्थळासाठी ती शब्दांच्या हिशेबाने लिहिते, महिन्याला वीस लेख. बालीचे समुद्रकिनारे, स्वित्झर्लंडमधील आगगाड्या, केरळातील हाउसबोटी. तिने यांतले काहीच पाहिलेले नाही. इब्न जुझय्यासमोर निदान एक प्रवास केलेला माणूस बसलेला होता. हिच्यासमोर इतरांनी लिहिलेली, तीही बहुधा न पाहताच लिहिलेली पाने असतात. आज प्रवासलेखनाचा पेशा म्हणतात त्याचे एक रूप हे आहे. ते तुच्छ लेखण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण त्या पैशांवर तिच्या धाकट्या भावाचे शिक्षण चालले आहे.

गेल्या वर्षी तिला प्रथमच पाहिलेल्या जागेवर लिहायला सांगण्यात आले: दौलताबाद. ती बसने गेली, दिवसभर राहिली. किल्ल्याची माहिती तिने लिहिलीच; पण लेखाचा मोठा भाग पायथ्याशी पाट्या मांडून बसणाऱ्या सीताफळवाल्या बायकांवर होता. तिची आई शहागंजात फळे विकते. म्हणून तिला ठाऊक होते, की सीताफळ पिकले की थांबत नाही, सकाळचा भाव दुपारी टिकत नाही, आणि शेवटची बस सुटायच्या सुमारास घासाघीस करणारे गिऱ्हाईक बाईची अडचण नेमकी ओळखून असते. पाटीत खाली कोणती फळे ठेवायची आणि वर कोणती, हेही त्यात होते. आमच्या वाचनात दौलताबादवर अलीकडे याहून सरस काही आलेले नाही. संपादकीय विभागाने हा भाग ‘पर्यटकांना उपयुक्त नाही’ असा शेरा मारून वगळला, आणि त्या जागी जवळच्या निवासव्यवस्थेची यादी घातली.

वगळलेला मजकूर तिने वहीत उतरवून ठेवला आहे. परवा आम्हांला वाचायला दिला तेव्हा त्यात पेन्सिलीने एक दुरुस्ती होती. संध्याकाळचा भाव तिने खोडून कमी केला होता. आईने वाचून सांगितले म्हणे, इतके कोणी देत नाही.