बोर्डाला विचारून

कापसाचा हंगाम लागला की पारोळ्यात माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. ‘भाऊ, कॉम्प्युटर गंज हळू चाली ऱ्हायना. रॅम वाढाई दे.’ बोलणारा कधी जिनिंगचा हिशेबनीस असतो, कधी ऑनलाइन फॉर्म भरून देणारा मुलगा. दोघांच्याही मनात एकच आकडा असतो: चारची आठ जीबी. मी त्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी वळतो.

आधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारतो. जिनिंगच्या ऑफिसात कापसाचे बारीक तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली थर धरून बसतात. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि बोल मात्र रॅमला लागतो. मग टास्क मॅनेजर बघतो. मेमरी अर्धी रिकामी आणि जुनी हार्डडिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसली, तर सरळ सांगतो की रॅम नको, एसएसडी टाका. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम घेऊन उपयोग नाही. साधारण सव्वातीन जीबीच हाती लागते.

मेमरी खरंच अपुरी ठरली, की बोर्डावर छापलेलं नाव वाचतो. ‘आय-थ्री आहे’ एवढ्यावर रॅम आणायची नसते. इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा काही बोर्ड डीडीआर४ चे होते, काही डीडीआर३एल चे. प्रोसेसर तोच, पट्टी वेगळी. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. डीडीआर५ लाही २८८ च, पण खाच दुसऱ्या जागी. पट्टी बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवायचा नाही, एवढं शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतो.

खरा घोळ असतो तो बसणाऱ्या पट्टीचा. आमच्याकडे जी४१ चिपसेटचे जुने बोर्ड अजून चालू आहेत. त्यातल्या डीडीआर३ च्या बोर्डात ४ जीबीची नवी पट्टी खटकन बसते, दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागतात, पंखा फिरतो, आणि डिस्प्ले येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, रॅम खराब निघाली. तीच पट्टी दुसऱ्या मशीनवर सुरळीत चालते. अशा वेळी पट्टी उजेडात धरून तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजायच्या. जी४१ ला एका चिपेत २ गिगाबिटपर्यंतच वाचता येतं. ८ गिगाबिट म्हणजे १ गिगाबाइट, म्हणून ४ जीबीसाठी त्याला १६ चिपा हव्यात, दोन्ही अंगांना आठ-आठ. नव्या पट्टीवर ४ गिगाबिटच्या आठच चिपा असतात. क्षमता तीच, पण बोर्डाला ती मांडणी कळत नाही. दुकानात ‘४ जीबी डीडीआर३’ एवढंच मागितलं तर आठ चिपांची पट्टी हातात पडू शकते. म्हणून जळगावला फोन करताना मी ‘सोळा चिपवाली’ असं दोनदा म्हणतो.

लेबलही वाचावं. ‘पीसी३-१२८००यू’ मधला १२८०० म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबाइट, १६०० चा वेग गुणिले ८ बाइट. शेवटचा ‘यू’ साध्या डेस्कटॉपचा. तिथे ‘आर’ असेल तर पट्टी सर्व्हरची. ती स्वस्तात मिळते, स्लॉटमध्ये बसतेही, पण डेस्कटॉप चालू होत नाही. १३३३ ची जुनी आणि १६०० ची नवी एकत्र लावली तर बहुधा दोन्ही १३३३ वर चालतात. त्याला माझी हरकत नसते. हिशेबाच्या कामात तो फरक जाणवत नाही. वेगासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्यात, असं माझं मत.

पट्टी लावून बायोसमध्ये आकडा दिसला की बहुतेक जण कॅबिनेटचं झाकण लावतात. मी रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवतो. सकाळी लाल ओळ नसेल, तर झाकणाच्या आतून कागदी टेप चिकटवतो आणि त्यावर लिहितो: बोर्डाचं नाव, डीडीआर कोणती, एकूण किती जीबी चालते, चिपा किती. पुढच्या वेळी हे कॅबिनेट धुळ्यात कुणी उघडलं, तर त्यालाही ते वाचता येईल.