डाउन गावचे मुके शेतकरी

लंडन शहराच्या आग्नेयेस पंधरा-सोळा मैलांवर डाउन नावाचे लहानसे गाव आहे. निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८४२ पासून १८८२ साली निवर्तेपर्यंत येथेच राहत होते. जीवोत्पत्तीविषयीच्या त्यांच्या मतांवरून पुष्कळ वाद झाला. तो उकरून काढण्यासाठी आम्ही तेथे गेलो नव्हतो. आम्हांस त्यांच्या गांडुळांची भूमी पाहावयाची होती.

घराजवळच्या एका शेतात १८४२ च्या डिसेंबरात खडूचे तुकडे पसरविण्यात आले. पुढे डार्विन यांनी २९ वर्षे वाट पाहिली! १८७१ मध्ये तेथे चर खणला, तेव्हा ७ इंच खोलीवर खडूची पांढरी रेघ आढळली. गांडुळांनी खालची माती गिळून वर आणून टाकली होती आणि तिच्याखाली खडू गाडला गेला होता. बागेत एक वाटोळा दगडही आहे. दगड जमिनीत किती खचतो हे मोजण्यासाठी डार्विनपुत्र होरेस यांनी जो योजिला होता, त्याची ही प्रतिकृती. तो वर्षाला सुमारे २ मिलिमीटरच खचे. तरीही इंग्लंडात कित्येक ठिकाणी गांडुळे एकरी १० टनांहून अधिक माती दरवर्षी वर आणतात, असे डार्विन यांनी १८८१ च्या ग्रंथात लिहिले.

या मातीत काय घडते, हे पुढील संशोधकांनी दाखविले. गांडुळाच्या ओलसर आतड्यात जिवाणूंची झपाट्याने वाढ होते. म्हणून त्याची विष्ठा भोवतालच्या मातीहून बहुधा अधिक सकस असते. तिच्यातील काही जिवाणू हवेतील नत्र पिकांना मिळवून देतात, काही मातीत अडकलेले स्फुरद मोकळे करतात, तर काही रोगट बुरशीस आवर घालतात.

मात्र गांडूळ शून्यातून खत निर्माण करीत नाही. त्यास कुजका पालापाचोळा, शेण व ओल हवी. बेळगाव-खानापूरकडील आमच्या शेतकरी बांधवांस म्हणूनच विनंती, की बांधावरचा पाला पेटवू नका. तो जळतो तेव्हा या मुक्या मजुरांचा घासच जळतो, आणि मग खताच्या पिशवीसाठी कर्ज काढावे लागते. तोच पाला पिकाच्या बुंध्याशी पसरा व ओल राखा.

राखेच्या बुधवारी आपण मातीचे आहोत, याचे स्मरण आपण करतो. ती माती जिवंत आहे. परमेश्वराने ती राखावयास आपल्या हाती दिली आहे, याचेही स्मरण असावे.